स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी कसे बोलावे: नव्याने काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातल्या कोणाला स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, असल्याचे निदान झाले की पहिले काही आठवडे तपासण्या, औषधे आणि धावपळ यांतच निघून जातात. गोळी किती वाजता द्यायची हे डॉक्टर लिहून देतात. पण आई एकच प्रश्न विसाव्यांदा विचारते तेव्हा काय उत्तर द्यायचे, हे त्या कागदावर नसते. माझ्या वडिलांचे आजारपण आम्ही घरीच काढले आणि त्यातला सुरुवातीचा बराच काळ मी त्यांच्याशी चुकीच्या पद्धतीने बोलत होते, हे मला फार उशिरा कळले. ज्यांच्यावर ही जबाबदारी नव्याने आली आहे, मग ते घरचे असोत की शुश्रूषेसाठी ठेवलेले मदतनीस, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बोलण्याची रीत बदलायची ती आपण, कारण ती बदलण्याची ताकद समोरच्या व्यक्तीत उरलेली नसते.

पहिली पायरी: मेंदूत काय घडते ते समजून घ्या

स्मृतिभ्रंश हे एकाच आजाराचे नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या आजारांमुळे स्मरण, भाषा, विचार आणि वागणे यांत जो ऱ्हास होतो, त्या लक्षणांच्या समूहाला हे नाव दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि त्यातील ६० ते ७० टक्के लोकांमध्ये त्याचे कारण अल्झायमर हा आजार असतो.

अल्झायमरमध्ये सहसा सर्वांत आधी बाधित होतो तो कानशिलांच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग. नव्या घटनेची आठवण साठवण्याचे काम मुख्यतः त्याचे असते. म्हणून 'आत्ताच तर सांगितलं होतं' हे आपले वाक्य त्या व्यक्तीच्या दृष्टीने खरे नसते. पाच मिनिटांपूर्वी दिलेले उत्तर ती विसरलेली नसते. ते साठलेलेच नसते. प्रत्येक वेळी ती तो प्रश्न पहिल्यांदाच विचारत असते. लहानपणाच्या आणि तरुणपणाच्या आठवणी पूर्वीच पक्क्या झालेल्या असल्यामुळे पुष्कळ काळ टिकतात. म्हणूनच सकाळी काय खाल्ले हे न सांगू शकणारा माणूस शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसत असे हे बारीकसारीक तपशिलांसह सांगतो. घरच्यांना त्याचा राग येतो, कारण 'हे आठवतं आणि ते आठवत नाही' यात त्यांना सोंग दिसते. ते सोंग नसते.

इतर प्रकारांत चित्र थोडे वेगळे असते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात विचारांचा वेग मंदावतो, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो. लेवी बॉडी प्रकारात एकाच दिवसात कधी स्वच्छ भान तर कधी पूर्ण गोंधळ असे चढउतार होतात आणि समोर नसलेली माणसे किंवा प्राणी दिसतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकार बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो आणि त्यात स्मरणाच्या आधी स्वभाव किंवा भाषा बिघडते. निदान कोणत्या प्रकाराचे आहे हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण 'हा मुद्दाम असा वागतो' हा गैरसमज त्या एका उत्तराने बराच दूर होतो.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमर झालेल्या काही व्यक्तींना दुःखद आणि आनंददायक चित्रफितींचे तुकडे दाखवले होते. थोड्याच वेळात आपण काय पाहिले हे त्यांना फारसे सांगता येईना, पण त्यातून मनात उठलेले दुःख किंवा आनंद मात्र मागे उरला होता. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा की तुम्ही काय बोललात हे ती व्यक्ती विसरेल, पण तुमच्या बोलण्याने आलेली भीती किंवा मिळालेला धीर तिच्या अंगात पुढचा कितीतरी वेळ राहील. सकाळी आपण ओरडलो हे वडिलांच्या लक्षात नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. दुपारी ते विनाकारण अस्वस्थ का आहेत, याचे उत्तर कदाचित त्या ओरडण्यात असते.

दुसरी पायरी: तोंड उघडण्याआधीची तयारी

पुष्कळदा संभाषण शब्दांमुळे बिघडत नाही, ते शब्दांच्या आधीच बिघडलेले असते. श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते, चष्म्याची काच बोटांच्या ठशांनी धुरकट झालेली असते, कवळी सैल होऊन टोचत असते, कानात मळ साचलेला असतो. ऐकू न येणे आणि न समजणे या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे आजार वाढला असे समजण्यापूर्वी या चार गोष्टी तपासाव्यात.

खोलीतला टीव्ही, रेडिओ, पंख्याची घरघर, शेजारी चाललेल्या गप्पा हे सगळे आपला मेंदू नकळत बाजूला सारतो. बाधित मेंदूला ते जमत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे आवाज एकाच उंचीचे असतात. म्हणून बोलायचे असेल तर टीव्हीचा आवाज कमी करून भागत नाही, तो बंदच करावा. एका वेळी एकानेच बोलावे. अनेकांना सकाळचा वेळ चांगला जातो आणि संध्याकाळ जवळ आली की गोंधळ व अस्वस्थता वाढते. तेव्हा आंघोळ, दवाखाना, महत्त्वाची विचारपूस अशी कामे त्या व्यक्तीच्या चांगल्या वेळेत करावीत. ती वेळ कोणती हे एका वहीत पंधरा दिवस नोंद ठेवली की सहज कळते.

जवळ जाताना नेहमी समोरून जावे. या आजारात नजरेचा परीघ आक्रसतो. मागून किंवा बाजूने येऊन खांद्यावर ठेवलेला प्रेमाचा हात तिच्या दृष्टीने कोठून तरी अचानक आलेला हात असतो, आणि मग ती दचकते, कधी हात झटकते. चार पावलांवर थांबावे, तिची नजर आपल्याकडे वळू द्यावी, मग जवळ जाऊन तिच्या नजरेच्या पातळीवर बसावे. खुर्चीत बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलले की ते बोलणे वरून आल्यासारखे वाटते.

त्यानंतर हाक मारावी आणि आपण कोण हे स्वतःहून सांगून टाकावे: 'आई, मी आलेय गं, तुझी धाकटी.' 'ओळखलंस का मला?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मला तो सर्वांत निर्दय वाटतो. विचारणाऱ्याला त्यात जिव्हाळा दिसतो. उत्तर न येणाऱ्याला मात्र आपण चारचौघांत नापास झालो एवढेच कळते.

तिसरी पायरी: वाक्य कसे असावे

वाक्य लहान असावे आणि एका वाक्यात एकच गोष्ट असावी. 'उठा, तोंड धुवा, कपडे बदला, आपल्याला दहा वाजता दवाखान्यात जायचंय' या वाक्यात चार गोष्टी आहेत, आणि चौथी ऐकू येईपर्यंत पहिली निसटलेली असते. 'बाबा, उठू या' एवढेच म्हणावे. ते उठून उभे राहिले की पुढचे वाक्य.

बोलून झाल्यावर थांबावे. ही सूचना वाचायला सोपी आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजावेत. काही जणांना त्याहूनही जास्त वेळ लागतो. आपण तीन सेकंदांत अधीर होतो आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. त्यामुळे त्या व्यक्तीच्या मनात अर्धे झालेले काम पुसले जाते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून दुसऱ्यांदा सांगायचे तर आधी त्याच शब्दांत सांगावे. तरीही कळले नाही, तरच शब्द बदलावेत.

'ते तिकडे ठेव', 'तो आला होता ना', 'तिला सांग' यांसारखी सर्वनामांवर उभी असलेली वाक्ये टाळावीत. 'ते' म्हणजे काय आणि 'तो' म्हणजे कोण, हे धरून ठेवण्यासाठी आधीचे वाक्य लक्षात असावे लागते. 'पेला टेबलावर ठेव' असे नाव घेऊन आणि टेबलावर हात ठेवून सांगितले की काम होते. तसेच 'तिकडे जाऊ नका' याऐवजी 'इकडे या' म्हणावे. नकार ऐकल्यावर करायचे काय, हे त्या व्यक्तीला स्वतः शोधावे लागते, आणि नेमके तेच तिला जमत नसते.

प्रश्न कमी विचारावेत. 'काल कोण आलं होतं?', 'जेवलात का, काय जेवलात?' हे आपल्या दृष्टीने बोलणे सुरू करण्याचे साधे निमित्त असते, पण त्या व्यक्तीसाठी ती तोंडी परीक्षा ठरते. त्याऐवजी स्वतः काहीतरी सांगावे: 'आज बाहेर छान ऊन पडलंय.' त्यावर तिला बोलावेसे वाटले तर ती बोलेल, नाही तर दोघांनी मिळून उन्हाकडे पाहावे. निवड करायची असेल तर दोनच पर्याय द्यावेत आणि ते हातात धरून दाखवावेत: 'हा निळा की हा पांढरा?' आजार पुढे गेला की 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असे विचारावे. मात्र त्या अवस्थेत तोंडातून आलेला 'नाही' प्रत्येक वेळी नकारच असतो असे नाही. चेहरा आणि हात काय सांगतात तेही पाहावे लागते.

इथे माझ्या वडिलांच्या आंघोळीचा प्रसंग सांगते. 'आंघोळ करून घ्या' म्हटले की ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसत. आम्ही समजावायचो, ते आणखी घट्ट धरायचे. 'आंघोळ' या एका शब्दात उठणे, चालणे, दार, बटणे, थंडी, पाण्याचा आवाज आणि दुसऱ्यापुढे उघडे होण्याची लाज हे सगळे भरलेले आहे, हे आमच्या ध्यानात येत नव्हते. एकदा मी काही न बोलता कोमट पाण्यात बुडवलेला टॉवेल पिळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग स्वतःच चेहऱ्यावरून फिरवला, मानेमागे नेला आणि सदऱ्याचे वरचे बटण काढायला बोटे लावली. शब्द हरवले तरी हातांची सवय पुष्कळ दिवस शाबूत राहते. वस्तू हातात देणे हेही बोलणेच आहे.

बोलण्याचा सूर

आजारी वृद्धांशी लहान मुलांशी बोलल्यासारखे बोलण्याची सवय फार चटकन लागते. आवाज चढतो, लाडिक होतो, 'आता शहाण्यासारखं औषध घ्यायचं हं' अशी वाक्ये येतात आणि ज्यांना जन्मभर 'अहो' म्हटले त्यांना कोणीतरी 'अरे' म्हणू लागते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शुश्रूषागृहातील स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांशी कर्मचारी असे बोबडे बोलत तेव्हा ते रहिवासी काळजी घेऊ देण्यास अधिक विरोध करत आणि मोठ्या माणसांशी बोलावे तसे बोलल्यास विरोध कमी होत असे, असे आढळले होते. स्मरणशक्ती गेली तरी मानापमानाची जाणीव जात नाही. मदतनीस नवा असेल तर त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की यांना 'तुम्ही' म्हणायचे, यांना अमुक नावाने हाक मारलेली आवडते, आणि यांच्यासमोर यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलायचे नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर 'यांना काही कळत नाही हो' असे त्यांच्यादेखत म्हणणे ही तर आपल्या सगळ्यांच्याच हातून होणारी चूक आहे. असे काही सांगायचे असेल तर ते आधी चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे द्यावे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९० च्या दशकात या विषयाची दिशाच बदलली. आजाराच्या जोडीने, भोवतालच्या माणसांच्या अशा नकळत तुच्छ लेखणाऱ्या वागण्यामुळेही त्या व्यक्तीचे माणूसपण झिजत जाते, हे त्यांनी ठामपणे मांडले. आजारावर आपला इलाज चालत नाही. आपल्या सुरावर चालतो.

चौथी पायरी: चूक दुरुस्त करू नका, भावनेला उत्तर द्या

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे आणि मला तो शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

दिवेलागणीच्या सुमारास वडील उठून दाराशी जात आणि कडीशी झटापट करत. 'आई वाट बघत असेल, घरी जायला हवं,' असे म्हणत. माझी आजी जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. पहिल्यांदा मी त्यांना ते सरळ सांगितले, कारण वडिलांशी खोटे कसे बोलायचे? त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते जमिनीवर बसले. ती बातमी त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळली होती. ते रडले, 'मला कोणी सांगितलं का नाही' म्हणाले, आणि दहा मिनिटांनी पुन्हा उठून कडीपाशी गेले. मी पुन्हा सांगितले. त्या संध्याकाळी माझ्या वडिलांची आई दोनदा वारली आणि दोन्ही वेळा ते सांगणारी मी होते.

नेओमी फाइल या समाजकार्यकर्तीने १९६० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील वृद्धाश्रमात काम सुरू केले, तेव्हा तिचाही प्रयत्न वृद्धांना वास्तवाचे भान आणून देण्याचाच होता. तो निष्फळ आहे हे पाहून तिने 'व्हॅलिडेशन' नावाची पद्धत बांधली. त्या व्यक्तीच्या बोलण्यातील तपशील खरा की खोटा या वादात न शिरता त्यामागची भावना खरी मानायची आणि तिला प्रतिसाद द्यायचा, असे तिचे सार सांगता येईल. पुढे कधीतरी मीही तसेच केले. कडीपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, 'तुमची आई फार वाट बघायची ना तुमची?' वडिलांचा कडीवरचा हात थांबला. 'दारातच उभी असायची,' ते म्हणाले, 'हातात कंदील घेऊन.' मग कंदिलाविषयी, पावसाविषयी, शाळेतून येतानाच्या वाटेविषयी ते बोलत राहिले आणि बोलता बोलता आम्ही दोघे आत येऊन बसलो.

'घरी जायचंय' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा पत्त्याशी संबंधित नसतो. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पलंगावर बसूनही ही मागणी येते. मला इथे सुरक्षित वाटत नाही, मी दमलो आहे, मला लघवीला जायचे आहे, मला कोणीतरी आपले हवे आहे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. 'हेच तर घर आहे' हे उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. 'घराची आठवण येतेय होय? मला सांगा ना घराबद्दल' असे म्हणावे, थोडे ऐकावे, आणि मग शौचालय, पाणी, भूक, थंडी यांची हळूच चौकशी करावी.

वस्तू चोरीला गेल्याचा आळ हाही असाच प्रसंग. पाकीट स्वतःच कोठेतरी जपून ठेवलेले असते, ठेवल्याची आठवण साठलेली नसते, आणि रिकामा खिसा मात्र डोळ्यांपुढे असतो. मग मेंदू ती फट भरून काढण्यासाठी 'कोणीतरी नेलं' असा निष्कर्ष काढतो. हा आळ बहुधा सर्वांत जास्त सेवा करणाऱ्यावर येतो, कारण तोच सतत भोवती असतो. तो काळजाला लागतो, हे मी जाणून आहे. तरीही स्वतःची बाजू मांडू नये. 'पाकीट सापडत नाही म्हणजे काळजी वाटणारच. चला, दोघं मिळून शोधू' असे म्हणावे आणि सापडल्यावर ते त्यांच्याच हाताला लागू द्यावे. नेहमीच्या लपवण्याच्या जागा माहीत करून घ्याव्यात, आणि किल्ली, पाकीट, चष्मा यांची शक्य असेल तर दुसरी प्रत जवळ ठेवावी. मात्र प्रत्येक तक्रार आजाराच्या खाती टाकू नये. कधी कधी खरोखरच कोणीतरी पैसे नेलेले असतात किंवा कोणीतरी मारलेले असते. म्हणून शांतपणे खातरजमा करावीच.

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा थोडक्यात आणि त्याच शब्दांत उत्तर द्यावे. त्यानंतर प्रश्नामागे काय आहे ते पाहावे. 'किती वाजले?' यामागे 'मला कोणी विसरणार तर नाही ना?' ही धास्ती असू शकते, आणि तिथे घड्याळापेक्षा शेजारी बसणे जास्त उपयोगी पडते. सुरुवातीच्या अवस्थेत, वाचता येत असेल तोवर, मोठ्या अक्षरांतला फळा मदत करतो: 'आज मंगळवार. मुलगी पाच वाजता येईल.' दवाखान्यात जायचे असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवू नये. निघण्यापूर्वी थोडाच वेळ सांगावे.

मग खोटे बोलावे काय, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझे मत असे आहे की आधी ऐकून घेण्याचा, भावना ओळखण्याचा आणि विषय हलकेच वळवण्याचा मार्ग वापरून पाहावा. बहुतेक वेळा खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. काहीच चालेना आणि ती व्यक्ती तळमळत असेल, तर तिच्या समाधानासाठी बोललेल्या एखाद्या वाक्याचे ओझे काळजी घेणाऱ्याने मनावर घेऊ नये. पण आपली सोय म्हणून, किंवा पैसे, सही, घर, उपचार यांसारख्या निर्णयांत फसवू नये. आणि आजाराच्या सुरुवातीला ती व्यक्ती 'मला काय झालंय?' असे सरळ विचारत असेल, तर तिला खरे सांगावे, सौम्य शब्दांत, पण खरे. तो तिचा हक्क आहे.

याच्या उलट, काही जणांना आपण आजारी आहोत याचा पत्ताच नसतो. तो हट्ट नसून आजाराचेच लक्षण असते, त्यामुळे 'तुम्हाला विसरायला होतं, मान्य करा' असा आग्रह धरून काही साधत नाही.

पाचवी पायरी: राग, भास आणि अचानक झालेला बदल

समोरची व्यक्ती चिडली की वाद थांबवावा, एक पाऊल मागे व्हावे, हात दिसतील असे खाली ठेवावेत आणि आवाज हळू करावा. तिला धरून ठेवू नये, तिच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नये. चालू असलेले काम अर्ध्या तासाने करता येते.

भास होत असतील, म्हणजे कोपऱ्यात मूल बसलेले दिसत असेल, तर 'तिथे कोणी नाही' असे म्हणू नये आणि 'हो, मलाही दिसतंय' असेही म्हणू नये. 'मला दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय का?' असे विचारावे. पुष्कळदा भीती नसतेच, आणि मग काही करण्याची गरजही नसते. दिव्याची सावली, आरशातले प्रतिबिंब, खुंटीवरचा कोट यांनीही असे भास होतात. दिवा लावून किंवा आरसा झाकून पाहावे. भासांविषयी डॉक्टरांना कळवावे, पण झोपेचे किंवा शांत करणारे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. लेवी बॉडी प्रकारात काही मनोविकारविरोधी औषधांची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते.

आता एक इशारा. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बोलणे असंबद्ध झाले, व्यक्ती एकदम झोपाळू किंवा फार अस्वस्थ झाली, तर आजार वाढला असे म्हणून घरी थांबू नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, नवे औषध यांपैकी कशाने तरी डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी गोंधळाची अवस्था, झालेला असू शकतो. त्यासाठी तातडीने डॉक्टरांना दाखवावे लागते, कारण त्यामागच्या कारणावर उपचार करता येतात. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर तो पक्षाघात समजून क्षणाचाही वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

दुखते आहे हे सांगण्याचे शब्द हरवले की माणूस ते वागण्यातून सांगतो. पुढच्या अवस्थेतील वेदना ओळखण्यासाठी २००३ मध्ये अमेरिकेत 'पेनॅड' नावाची मोजपट्टी तयार झाली. तीत पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणे किंवा ओरडणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यावर ती व्यक्ती शांत होते की नाही. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दोन गुण असतात. गुण मांडले नाहीत तरी या पाच गोष्टींकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. कूस बदलताना ओरडणारी व्यक्ती भांडखोर नसते, तिचा खुबा दुखत असतो.

शब्द संपत आल्यावर

हळूहळू वाक्ये तुटतात. चष्म्याला 'ते डोळ्यांचं' म्हटले जाते, एकाच शब्दाने सगळे मागितले जाते. अशा वेळी शब्द लगेच पुरवू नये; ती व्यक्ती अडल्यासारखी दिसली तरच 'चष्मा हवाय का?' असे सुचवावे. शब्द चुकला पण अर्थ कळला, तर पुढे चालावे. एकाहून अधिक भाषा येणाऱ्यांची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मागे पडते आणि ते लहानपणीच्या बोलीकडे वळतात. मदतनिसाला ती बोली येत नसेल तर पाणी, दुखणे, शौचालय, थंडी, 'भिऊ नका' एवढे दहा-बारा शब्द तरी त्याला लिहून द्यावेत. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांची मदत मिळत असेल तर ती लवकर घ्यावी; ते चित्रांचे तक्ते करून देतात आणि गिळण्याच्या अडचणींकडेही पाहतात.

ओळखीचे गाणे पुष्कळांच्या मनात फार उशिरापर्यंत टिकते. बोलणे थांबलेली माणसेही जुन्या गाण्याची ओळ पुरी करतात. पण आवाज बेताचा असावा, गाणे त्यांच्या तरुणपणीचे असावे आणि ते दिवसभर चालू ठेवू नये.

शेवटच्या अवस्थेत हात हातात घेऊन बसणे, कपाळावरून हात फिरवणे, काय करणार आहोत ते आधी सांगून मगच कूस वळवणे, एवढेच उरते. तेव्हाही बोलत राहावे. उत्तर येत नाही म्हणून ऐकू जात नाही असे समजू नये.

आजच करून ठेवण्यासारखे

आजार नुकताच सुरू झाला असेल तर एक वही घ्या आणि त्या व्यक्तीलाच विचारून भरा: लहानपणी कोणत्या नावाने हाक मारत, कोणाशी गट्टी होती, काम काय केले, कशाची भीती वाटते, आंघोळ सकाळी आवडते की रात्री, कोणती गाणी आवडतात, कोणता विषय काढलेला आवडत नाही. जुने फोटो चिकटवून त्याखाली नावे लिहा. पुढे नवा मदतनीस येईल तेव्हा त्याला बोलायला विषय मिळतील, आणि 'आई वाट बघत असेल' म्हणणाऱ्या माणसाला त्या आईविषयी काय विचारायचे हे त्याला ठाऊक असेल. आम्ही ही वही केली नाही. कंदिलाची गोष्ट मला योगायोगाने कळली, आणि तशा आणखी किती होत्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तुमचा तोल जाईल. एखाद्या रात्री तुम्ही ओरडाल. तसे झाले तर ती व्यक्ती सुरक्षित आहे हे पाहून खोलीबाहेर जा, पाणी प्या, परत या आणि 'चुकलं माझं' असे मोठ्याने म्हणा. तिला प्रसंग आठवत नसला तरी सूर बदलल्याचे तिला कळते. आठवड्यातून काही तास तरी दुसऱ्या कोणाकडे काम सोपवा. थकलेल्या माणसाला दहापर्यंत आकडे मोजता येत नाहीत.

पाहुण्यांना दारातच दोन गोष्टी सांगा: ओळखले का असे विचारू नका, आणि दोघांहून जास्त जण एका वेळी आत जाऊ नका. फोनवरच्या बोलण्यात चेहरा दिसत नाही, त्यामुळे शक्य असेल तर व्हिडिओ कॉल करा आणि तो लहान ठेवा.

निघताना दारात उभे राहून लांबलचक निरोप घेऊ नये. 'जातो' हा शब्द पुष्कळांना अस्वस्थ करतो आणि तेही चपला शोधू लागतात. त्यांना एखाद्या कामात गुंतवून द्यावे, घड्या घालायला टॉवेल द्यावेत किंवा फोटोंची वही पुढ्यात उघडावी, हातावर हात ठेवून 'मी पुन्हा येतेय' एवढे म्हणावे आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश पावलांनी बाहेर पडावे.